स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स: वर्षभर वापरून, गायकाच्या ताईचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मी गात नाही. गातो तो माझा धाकटा भाऊ. घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात, वय तेवीस, उंची सहा फूट, तरी बारक्याच. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत अकाउंट्सला आहे, दिवसभर लोकांची पासबुकं आणि थकबाकी बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन बारक्याची बघायची, म्हणजे गाणं अपलोड करणं, कव्हरचा फोटो तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचा आहे का बघणं, गीतकाराच्या खान्यात नाव नीट पडलंय का बघणं, हे सगळं माझ्याकडं, कारण त्याला फॉर्म भर म्हणलं की ताप येतो. गेल्या वर्षभरात त्याची तीन गाणी आली, स्वतःची, स्वतः लिहिलेली, दुसऱ्याची परत गायलेली नाहीत. या वर्षभरात सगळ्यात जास्त उघडलेलं अ‍ॅप म्हणजे स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स, तर म्हणलं त्याच्यावर लिहूया, कारण जे काही वाचायला मिळतं ते एकतर इंग्रजीत असतं नाहीतर "दहा दिवसात व्हायरल व्हा" टाईपचं.

आपण गाणी ऐकतो ते स्पॉटिफाय वेगळं आणि हे वेगळं, हे गाणाऱ्यांसाठीचं. फुकट आहे, फोनवर चालतं आणि कंप्युटरवर पण. पहिला गैरसमज आमचाच होता की गाणं इथूनच चढवायचं. तसं नाहीये. २०१८ ला त्यांनी थेट अपलोडची सोय काही लोकांना देऊन बघितली होती आणि २०१९ ला ती बंद पण केली. गाणं जातं डिस्ट्रिब्युटरमार्फत, त्यांचे दोन प्रकार, एक वर्षाची फी घेतात आणि कितीही गाणी टाका म्हणतात, दुसरे फुकट टाकतात आणि कमाईतून टक्केवारी कापतात. हा डिस्ट्रिब्युटर तुमचं गाणं स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन, यूट्यूब म्युझिक सगळीकडं पोचवतो. त्यानंतर तुमचं जे पान तयार होतं ते "हे आमचं आहे" म्हणून क्लेम करायचं, मग हे अ‍ॅप उघडतं.

आणि इथंच आमची पहिली बोंब झाली. डिस्ट्रिब्युटरचं नाव घेत नाही, पण बारक्या फक्त पहिलं नाव लावतो आणि त्या नावाचे अजून चारपाच गायक आहेत, त्यातले एक काका भजनं म्हणतात. डिस्ट्रिब्युटरनं बारक्याचं गाणं नेऊन चिकटवलं त्या काकांच्या पानावर. गाणं कुठलं, तर कॉलेजातल्या पोरीच्या स्कूटीमागं लागलेल्या पोराचं. वर दोन विठ्ठलाची भजनं, खाली एक दत्ताचं, मध्ये आमची स्कूटी. आई म्हणाली, बरं झालं, चांगल्या संगतीत आहे. गाणं दुसऱ्याच्या पानावर गेलं तर कळवायला अ‍ॅपमध्ये फॉर्म आहे तो भरला, डिस्ट्रिब्युटरला मेलवर मेल टाकले, अकरा दिवस लागले. म्हणून पहिली सूचना, नाव ठरवायच्या आधी त्या नावाचं कोण आहे ते सर्च करून बघा. बारक्यानं आता आडनाव लावलंय.

दुसरी गोष्ट पिचची, आणि माझ्या मते या अ‍ॅपमधली खरी कामाची वस्तू हीच. गाणं रिलीज व्हायच्या आधी तुम्ही ते स्पॉटिफायच्या एडिटर लोकांपुढं ठेवू शकता, की बाबांनो ऐका, जमलं तर तुमच्या प्लेलिस्टमध्ये घ्या. अट अशी की गाणं अजून बाहेर आलेलं नको, आणि किमान सात दिवस आधी पिच टाकलं तर जे तुम्हाला फॉलो करतात त्यांच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे स्पॉटिफाय दर आठवड्याला प्रत्येकाला नवीन गाण्यांची जी लिस्ट करून देतं तिच्यात, ते गाणं जातं, एडिटरनी घेतलं नाही तरी. रिलीज झालं की पिचचं दार बंद, मग काही करा. एका वेळी एकच गाणं.

आमच्या पहिल्या गाण्याला हे माहितीच नव्हतं. आज्जीनं सांगितलं गुढीपाडव्याला सोडा, मुहूर्त चांगला, आम्ही पाडव्याला सोडलं. आता स्पॉटिफायवर बहुतेक नवीन गाणी शुक्रवारी येतात, रिलीज रडार शुक्रवारी बदलतं, अख्ख्या जगाचा मुहूर्त शुक्रवार, आणि आमचा पाडवा काय शुक्रवारी नव्हता. पिच तर नाहीच. आज्जीला अजून वाटतं गाणं चाललं नाही ते पोरानं त्या दिवशी कडुलिंब खाल्ला नाही म्हणून.

तिसऱ्या गाण्याला मात्र पंचवीस दिवस आधी चढवलं आणि पिच लिहायला बसलो रात्री साडेअकराला. पाचशे अक्षरात गाण्याबद्दल सांगायचं, शब्द नाही बरं का, अक्षरं, स्पेस धरून. बारक्यानं पहिल्यांदा लिहिलेलं वाचून मी डोक्याला हात लावला, "हे गाणं म्हणजे माझ्या आत्म्याचा आवाज आहे" वगैरे. म्हणलं एडिटर रोज किती आत्मे ऐकत असेल, तू सांग की गाण्यात काय आहे. मग लिहिलं की हलगीचा ठेका आहे, त्यावर पॉप चाल आहे, गायक कोल्हापूरचा, मुखडा असा, रील्सचं प्लॅनिंग असं. खाली जॉनर निवडायचा, मूड निवडायचा, वाद्यं निवडायची, भाषा निवडायची. हलगी कुठल्या खान्यात टाकायची यावर अर्धा तास भांडण, तो म्हणतो हे पर्कशन म्हणणं म्हणजे हलगीचा अपमान आहे, मी म्हणलं उद्या मला नऊ वाजता ऑफिसात जायचंय, अपमान होऊ दे. पिचला उत्तर येत नाही हे पण माहिती पाहिजे. घेतलं तर कळतं, नाही घेतलं तर का नाही ते कोण सांगत नाही. आमचं नाही घेतलं. पण रिलीज रडारमधून जे दोनशे सव्वादोनशे लोक आले ते सात दिवसांच्या नियमामुळंच आले, आणि पहिल्या आठवड्यात तेवढे पण खूप असतात आमच्यासारख्याला.

आता आकड्यांकडं येते, हा माझा प्रांत.

अ‍ॅप उघडलं की पहिला मोठा आकडा दिसतो तो मंथली लिसनर्सचा. हा गेल्या अठ्ठावीस दिवसात किती वेगवेगळ्या माणसांनी ऐकलं त्याचा आकडा, रोज सरकतो, म्हणजे आज चढला म्हणून पेढे वाटले तर महिन्याभरानं उतरलेला बघून रडायची तयारी ठेवा. एक स्ट्रीम कधी धरतात, तर गाणं तीस सेकंद वाजलं की. हे कळल्यावर आमच्या घरात संगीतावर जी चर्चा झाली ती एखाद्या संमेलनात पण होत नसेल. पहिल्या गाण्याला सुरुवातीला चाळीस सेकंदांचा म्युझिकचा तुकडा होता, बासरी, पाऊस, मग लांबून हलगी. पप्पांना तो फार आवडायचा, ते म्हणायचे गाण्याला अंगण पाहिजे, दारात पाय ठेवला की डायरेक्ट स्वयंपाकघर असं घर असतं का. बारक्या म्हणाला लोक अंगणातनंच परत जातायत. तिसऱ्या गाण्यात मुखडा आठव्या सेकंदाला आहे. ते गाणं चाललं, पण खरं सांगू का, मला पहिल्याचं अंगण अजून आवडतं.

मी सगळ्यात आधी बघते ते सेव्ह. किती जणांनी गाणं आपल्याकडं ठेवून घेतलं, किती जणांनी स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये टाकलं. कारण स्ट्रीम म्हणजे दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक, एसी खायला पण शिरतं. पिशवी घेऊन बाहेर पडलं तर खरं. त्याच्या खाली "सोर्स" असं आहे, तिथं कळतं की लोक स्वतःहून आले, म्हणजे नाव सर्च करून, प्रोफाईलवर जाऊन, त्यांच्या स्वतःच्या लिस्टमधून, का स्पॉटिफायनं एका गाण्यामागं दुसरं लावलं म्हणून ऐकलं. दोन्हीला किंमत आहे, पण एक तुमच्या घरी आलेला पाहुणा आणि दुसरा एसटी स्टँडवर शेजारी बसलेला माणूस. तिसऱ्या गाण्याला साधारण अठरा हजार स्ट्रीम आले आणि त्यात स्वतःहून येणारे निम्म्याच्या वर आहेत, हे बघून मला बरं वाटलं. बारक्याला नाही वाटलं, त्याला अठराचे अठरा लाख का नाहीत हे पाहिजे होतं. जळगावकडचा संजू राठोड मराठी पॉप घेऊन देशभर वाजला तेव्हापासून आमच्याकडच्या प्रत्येक पोराला वाटतं पुढचा नंबर आपला.

शहरांची यादी पण असते. आमची: पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव, सांगली. स्वतःच्या गावात दोस्त लोकांनी गळ्यात पडून पडून ऐकवलं तरी कोल्हापूर तिसरं, आणि बेळगाव सांगलीच्या वर, यावर सांगलीची मामी अजून नाराज आहे. पण मोबाईल डेटावर ऐकलं की शहर अगदी नेमकं येईलच असं नाही, आणि निम्मं कोल्हापूर नोकरीला पुण्यात आहे, तर या यादीवर लई जीव टाकू नका.

या यादीचा एकदाच मोठा उपयोग झाला, आणि तो प्रसंग सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू पुरा होत नाही. दुसऱ्या गाण्याच्या वेळी बारक्याला इन्स्टावर कोणाचा तरी मेसेज आला की दीड हजारात दहा हजार स्ट्रीम, "ऑरगॅनिक प्लेलिस्ट प्रमोशन", शंभर टक्के खरे लोक. यानं मला न विचारता दीड हजार पाठवले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेता घेता अ‍ॅप उघडलं तर गाणं दोन हजारावरून अकरा हजारावर. मी आनंदानं ओरडणारच होते तेवढ्यात शहरांच्या यादीत पहिल्या नंबरला फिनलंडमधलं एक गाव. फिनलंडमध्ये आमचं कोण आहे? आमचं कोण सावंतवाडीच्या पुढं गेलेलं नाही. सेव्ह बघितले, अकरा हजार स्ट्रीम आणि सेव्ह त्रेचाळीस. पतसंस्थेत असा हिशोब आला असता तर मी थेट साहेबाच्या केबिनमध्ये गेले असते.

बारक्याला उठवलं, मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. पुढं जे झालं ते नियमाप्रमाणंच झालं. असे मशीननं वाजवलेले स्ट्रीम पकडले की स्पॉटिफाय ते आकड्यातून काढून टाकतं, त्याचे पैसे देत नाही, आणि २०२४ पासून प्रकार फारच ढळढळीत असेल तर गाण्यामागं डिस्ट्रिब्युटरला दंड लावतं. डिस्ट्रिब्युटर काय स्वतःच्या खिशातून भरणार आहे होय, त्यांनी आम्हाला कडक मेल टाकला, गाणं खाली उतरवलं, परत चढवायला तीन आठवडे गेले. बारक्याचे दीड हजार गेले ते वेगळे, आणि तो मेसेजवाला ब्लॉक करून पसार. तुम्ही नवीन असाल तर एवढंच ऐका, पैसे घेऊन ठराविक स्ट्रीमची गॅरंटी देतो म्हणणारा कोणी पण असू दे, नको. वर्षाची फी भरून शेवटी गाणंच गायब, ही वेळ येते.

पैशाचं काय, हा प्रश्न सगळ्या नातेवाईकांचा. तर या अ‍ॅपमध्ये पैसे दिसतच नाहीत. एक रुपया पण नाही. स्ट्रीम दिसतात, वय दिसतं, बायका किती पुरुष किती दिसतं, पण कमाई बघायला डिस्ट्रिब्युटरच्या पोर्टलवर जायचं आणि तिथं ती दोन-तीन महिने उशिरा येते. अकाउंट्सवाल्या माणसाला याचा किती त्रास होतो ते मलाच माहिती, माल गेलेला आज दिसतो आणि बिल दिवाळीनंतर.

"एका स्ट्रीमला किती?" असं लोक विचारतात, त्याला उत्तर नाही. गोकुळला दूध घातलं तर फॅट बघून लिटरला दर ठरलेला असतो. इथं लिटरला दरच नाही. महिन्याभरात एका देशात वर्गणी आणि जाहिरातीचे जेवढे पैसे जमले त्यातला साधारण एक तृतीयांश कंपनी ठेवते, बाकीचा गाण्यांचे हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांच्यात वाटते, ज्याचे जेवढे स्ट्रीम तेवढा त्याचा वाटा. म्हणजे मोठ्या स्टारचा सिनेमा त्याच महिन्यात आला तर आपला वाटा आपोआप बारीक. आणि देशाप्रमाणं हंडा वेगळा. २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं तेव्हा महिन्याला ११९ रुपये होतं, अमेरिकेत तेव्हा ९.९९ डॉलर, आणि आपल्याकडं तर बहुतेक जण फुकटवालंच वापरतात, मध्ये जाहिरात लागली की आवाज बारीक करतात. म्हणून न्यू जर्सीतल्या एखाद्या वहिनीनं गाणं ऐकलं तर ते कागलच्या कितीतरी जणांच्या बरोबरीचं पडतं. मी स्टेटमेंटमध्ये बघितलंय, अमेरिकेच्या ओळीत स्ट्रीम मूठभर आणि रक्कम मात्र डोळ्यात भरणारी, म्हणजे आमच्या मानानं.

शिवाय २०२४ पासून किमान शिल्लक आहे! खरंच, मला हा नियम वाचून घरच्यासारखं वाटलं. मागच्या बारा महिन्यात गाण्याला हजार स्ट्रीम नसतील तर त्या गाण्याचे पैसेच धरत नाहीत. आमचं पाडव्याचं गाणं ९४० वर येऊन अडकलं. घरात मोहीमच सुरू झाली, आई पोळ्या लाटताना तेच, पप्पा फिरायला जाताना तेच, आज्जीच्या फोनवर तेच. मी बंद करायला लावलं. एकतर चारच माणसांनी कितीदा वाजवलं तरी उपयोग नाही, वेगवेगळी माणसं किमान किती पाहिजेत याची पण अट आहे आणि तो आकडा ते जाहीर करत नाहीत, आणि दुसरं म्हणजे बारा महिन्यांची खिडकी रोज पुढं सरकते, पाडवा मागं पडला तसे पहिल्या आठवड्याचे स्ट्रीम मोजणीतून गळायला लागले. आता ते ८७० ला आहे.

वर्षाची बेरीज ८४७ रुपये. डिस्ट्रिब्युटरची फी त्यापेक्षा जास्त. बारक्या एका हळदीच्या कार्यक्रमात तीन तास गायला की याच्या कितीतरी पट आणतो, आणि जेवण वेगळं. हां, गाणं स्वतः लिहून चाल लावत असाल तर आयपीआरएसची मेंबरशिप घ्या, मुंबईची १९६९ पासूनची संस्था आहे, गीतकार-संगीतकाराचा वाटा तिथून येतो, तो डिस्ट्रिब्युटरच्या पैशात धरलेला नसतो. आम्ही हे दहा महिने उशिरा केलं.

बाकी बारीकसारीक. कॅनव्हास म्हणजे गाणं वाजताना मागं तीन ते आठ सेकंदांचा उभा व्हिडिओ फिरत राहतो, तो इथून टाकता येतो. बारक्याला रंकाळ्यावर ड्रोन पाहिजे होता. शेवटी मी फोनवर आईची भाकरी शूट केली, तव्यावरून निखाऱ्यावर टाकली, टम्म फुगली, आईनं दोन बोटांनी उचलली, सहा सेकंद. परत पहिल्यापासून. ती भाकरी दिवसरात्र फुगते आणि कधी करपत नाही, आणि लोकांनी स्क्रीनशॉट काढून टाकले ते त्या भाकरीचे, आमच्या हिरोचे नाही.

दुसऱ्या अ‍ॅपची पण अशी खाती असतात. अ‍ॅपल म्युझिक फॉर आर्टिस्ट्समध्ये किती जणांनी गाणं शझाम केलं, म्हणजे वाजणारं गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपला ऐकवून कुठलं आहे ते बघितलं, ते दिसतं, ती मला फार गोड गोष्ट वाटते, कुठंतरी रिक्षात गाणं लागलं आणि कोणीतरी फोन वर धरला. आणि सगळ्यात जास्त मराठी माणूस अजून यूट्यूबवरच ऐकतो असं माझं मत आहे, तर तिकडचं पण बघत राहा. एकाच अ‍ॅपच्या जिवावर राहू नका, रेसो नावाचं गाण्यांचं अ‍ॅप ३१ जानेवारी २०२४ ला भारतात बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलचं विंक पण गेलं.

आता माझी खरी तक्रार, आणि ती अर्धी अ‍ॅपबद्दल आणि अर्धी भावाबद्दल. नवीन गाणं आलं की पहिले सात दिवस लाईव्ह आकडा दिसतो, डोळ्यासमोर वाढतो. तिसऱ्या गाण्याच्या आठवड्यात बारक्या झोपला नाही. जेवताना फोन ताटाशेजारी, अंघोळीला जाताना साबणदाणीत. आकडा थांबला की चिडचिड, वाढला की "का वाढला" म्हणून चिडचिड. त्या आठवड्यात त्यानं रियाज केला नाही, एक ओळ लिहिली नाही. मला तो आकडा बघून काही होत नाही, मी दिवसभर आकडेच बघते. त्याला होतं, कारण ते त्याचं गाणं आहे.

मग मी सेटिंग्जमध्ये गेले. टीममध्ये माणसं घेता येतात, तीन दर्जे आहेत, अ‍ॅडमिन, एडिटर, रीडर. अ‍ॅडमिन मी. त्याला आधी रीडर केलं, तरी बघतच बसायचा, मग त्याच्याच संमतीनं, आईच्या साक्षीनं, त्याला टीममधून काढला. स्वतःच्याच प्रोफाईलला मुकलेला कोल्हापुरातला पहिला गायक असेल. महिन्याच्या पाच तारखेला मी त्याला एक कागद देते, हातानं लिहिलेला: सेव्ह किती, नवीन फॉलोअर किती, स्वतःहून आलेले किती, कुठलं गाणं घसरलं. पाच मिनिटात वाचून होतो.

रेटिंग: पिच आणि सेव्ह-सोर्सच्या आकड्यांसाठी पाचपैकी चार. पैसे दाखवत नाही म्हणून एक काढून घेते, तीन. घरात आकडे पचवणारं कोणी असेल तर परत अर्धा वाढवा. तुम्ही एकटेच गाता आणि एकटेच बघता असं असेल तर निदान रिलीजच्या आठवड्यात पासवर्ड मित्राकडं द्या, मी चेष्टा करत नाहीये.

चौथ्या गाण्याचं पिच परवा टाकलं, वीस दिवस आधी, शुक्रवार बघून. आज्जीला सांगितलंय की शुक्रवार लक्ष्मीचा वार. काल रात्री जेवताना बारक्यानं हळूच विचारलं, ताई, भाकरीवालं कितीवर गेलं गं? म्हणलं, आमटी घे अजून.